दिवा लागत का नाही?

एलईडी लागत नाही म्हटल्यावर माणूस सगळ्यात आधी काय करतो? बॅटरी काढून पुन्हा घालतो. मग वायर जरा हलवून बघतो. मग एलईडी चिमटीत धरून दाबतो. एवढं करूनही उजेड पडला नाही तर दुकानदाराला शिव्या घालत नवीन एलईडी आणायला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जातो. (मुंबईकरांनी इथे लॅमिंग्टन रोड वाचावं.) ह्या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट मात्र तो करत नाही. मोजत नाही.

खरं तर केवढंसं सर्किट ते! नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक रेझिस्टर, एक एलईडी आणि दोन-तीन वायरी. प्रोग्रॅमरच्या भाषेत 'हेलो वर्ल्ड'. तरीही ते न चालण्याची कारणं मोजायला बसलं तर एका हाताची बोटं पुरत नाहीत. एलईडी उलटा लागलाय, रेझिस्टर चुकीचा आहे किंवा लावलेलाच नाही, कुठेतरी तार तुटली आहे, कुठेतरी दोन तारा चिकटल्या आहेत, बॅटरी बसली आहे... आणि गंमत म्हणजे ह्यातली जवळजवळ प्रत्येक चूक कोणीतरी, कधीतरी, फार मोठ्या प्रमाणावर आणि फार महागात करून ठेवलेली आहे. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आपल्याला ओहमचा नियम शिकवतात, व्हीटस्टनचा ब्रिज शिकवतात, पण हे सगळं कुणाच्या नुकसानीतून आलं ते कोणी सांगत नाही. व्हायव्हाला विचारत नाहीत ना! तर मंडळी, आजचा शनिवार ह्या विषयाला.

सुरुवात सगळ्यात लोकप्रिय चुकीपासून करू. उजेड कमी वाटतोय? लाव अजून एक बॅटरी!

साल १८५८. आयर्लंडच्या व्हॅलेन्शिया बेटापासून पार न्यूफाउंडलंडपर्यंत, अटलांटिक महासागराच्या तळाशी तीन हजार किलोमीटरहून लांब केबल टाकली गेली. मध्ये सात तांब्याच्या तारांचा पीळ, त्यावर गटापर्चाचे तीन थर (गटापर्चा म्हणजे एका झाडाचा चीक, त्या काळचं प्लास्टिकच म्हणा), आणि सगळ्यात बाहेरून लोखंडी तारांचं चिलखत. ५ ऑगस्टला दोन्ही टोकं किनाऱ्याला लागली. न्यूयॉर्कमध्ये इतका जल्लोष झाला की आतषबाजीने सिटी हॉलच्या घुमटालाच आग लागली. टिफनी ह्या जवाहिऱ्याने उरलेल्या केबलचे तुकडे आठवण म्हणून विकले. १६ ऑगस्टला व्हिक्टोरिया राणीचा अमेरिकेच्या अध्यक्षांना संदेश गेला. जेमतेम शंभर शब्द, आणि ते पोचायला सोळा तासांच्या आसपास लागले. तरी जहाजाने दहा-बारा दिवस लागायचे तिथे सोळा तास, म्हणून लोक खूश.

आणि सप्टेंबर उजाडता उजाडता केबल मेली.

मरण्याआधी काय झालं ते बघण्यासारखं आहे. कंपनीचा मुख्य इलेक्ट्रिशियन होता वाइल्डमन व्हाइटहाउस. शिक्षणाने सर्जन, विजेचा अभ्यास हौसेने केलेला. त्याचं म्हणणं, एवढ्या लांबच्या तारेतून सिग्नल पोचवायचा तर दणका मोठा हवा. त्याने पाच-पाच फूट लांबीची इंडक्शन कॉइल्स बनवून घेतली होती. त्यांचं व्होल्टेज नंतरच्या अंदाजाप्रमाणे दोन हजारांच्या घरात जात होतं. दुसऱ्या बाजूला ग्लासगोचा प्राध्यापक विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेला तोच. त्याचं गणित सांगत होतं की लांब केबलमध्ये सिग्नल पसरतो, मंदावतो, आणि व्होल्टेज वाढवून त्यावर इलाज होत नाही. त्याऐवजी पलीकडच्या टोकाला करंट टिपणारं यंत्र नाजूक हवं. त्याने तसं यंत्र बनवलंही. चुंबकाला चिकटवलेला इवलासा आरसा, त्यावर पडणारा दिव्याचा किरण, आणि भिंतीवर सरकणारा प्रकाशाचा ठिपका. इतक्या हलक्या करंटवर तो ठिपका हलायचा की साध्या बॅटरीवर काम भागावं. सिग्नल क्षीण होत गेला तसा व्हाइटहाउसने आपला दणका वाढवला, आणि आधीच अधू असलेलं इन्सुलेशन फुटलं.

आता 'दोन हजार व्होल्ट' हा आकडा मी 'नंतरच्या अंदाजाप्रमाणे' असा का लिहिला? कारण १८५८ मध्ये व्होल्ट नावाचं एककच नव्हतं! ओहम नव्हता, अँपियर नव्हता. समुद्राच्या तळाशी एवढा पैसा ओतला, आणि केबलमध्ये किती 'ते' सोडलं हे सांगायला सगळ्यांना मान्य असा शब्दही नाही. प्रत्येक जण आपापल्या बॅटरीच्या सेलांची संख्या सांगायचा. तारेचा रोध सांगायचा तर 'अमुक जाडीच्या इतक्या मैल तारेइतका'. आणि थॉमसनने तर १८५७ मध्येच दाखवून दिलं होतं की बाजारात मिळणाऱ्या तांब्या-तांब्यात प्रचंड फरक आहे, एकाच्या मैलाची दुसऱ्याच्या मैलाशी तुलनाच होत नाही.

व्हाइटहाउसला अर्थातच काढून टाकलं. इतिहासाच्या बहुतेक पुस्तकांत तो 'ज्याने केबल जाळली तो आडमुठा डॉक्टर' म्हणून येतो. इथे माझं थोडं वेगळं मत आहे. जरा त्या केबलची कुंडली बघा. ती दोन वेगवेगळ्या कंपन्यांनी अर्धी-अर्धी बनवली, आणि एकीने बाहेरच्या तारांना डावा पीळ दिला तर दुसरीने उजवा! भर समुद्रात दोन तुकडे जोडायची वेळ आली तर एकमेकांना उलगडणारे दोन दोर. त्यासाठी जोडावर खास लाकडी जुगाड करावं लागलं. (दोन व्हेंडर, एकच स्पेसिफिकेशन, आणि इंटिग्रेशनच्या दिवशी ही गंमत. ओळखीचं वाटतंय का?) केबल घाईत बनवली गेली. मग ती उन्हात पडून राहिली. गटापर्चा मऊ झाला आणि आतली तांब्याची तार मधोमध राहायची ती जागोजागी एका बाजूला सरकली. म्हणजे काही ठिकाणी इन्सुलेशन जाड आणि काही ठिकाणी नुसता पापुद्रा. अशी केबल थॉमसनच्या सौम्य बॅटरीवर काही दिवस जास्त जगली असती, पण फार नाही. डायरेक्टरांनी घाई केली, कारखान्यांनी कसर केली, आणि नाव झालं शेवटचं बटण दाबणाऱ्याचं. आपल्यापैकी ज्यांनी रात्री दोन वाजता प्रॉडक्शन पडलेलं बघितलंय आणि सकाळची मीटिंग अनुभवली आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

अर्थात दणका मारण्याचा निर्णय चूकच होता, ह्यात वाद नाही. आणि तीच चूक आपण टेबलावर करतो. एलईडीचं असं आहे की तो ओहमचा नियम पाळत नाही. लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट लागतात. तोपर्यंत तो गप्प असतो, आणि त्याच्या पुढे व्होल्टेज थोडंसं वाढवलं की करंट कित्येक पटींनी उसळतो. त्याला स्वतःला आवरता येत नाही म्हणून शेजारी रेझिस्टर बसवायचा. नऊ व्होल्टमधले दोन एलईडीने घेतले, उरले सात. ४७० ओहमचा रेझिस्टर लावला तर ७ भागिले ४७०, म्हणजे १५ मिलिअँपियरच्या आसपास करंट. मस्त लागतो. त्याच जागी घाईत ४७ ओहमचा लावला तर करंट दहापट, आणि एलईडी एकदा झगझगीत लागून कायमचा जातो. ४७ किलोओहमचा लावला तर करंट शंभरावा हिस्सा, एलईडी लागतो पण अंधारातच कळेल इतका. ह्या तिन्ही रेझिस्टरवर पहिले दोन पट्टे तेच, पिवळा आणि जांभळा. फरक फक्त तिसऱ्यात. ४७० ला तपकिरी, ४७ ला काळा, ४७ किलोला नारिंगी. ट्यूबलाइटच्या उजेडात तपकिरी आणि नारिंगी ओळखून दाखवा बघू! म्हणून पट्टे वाचू नका, मीटर लावा.

अटलांटिक केबल मेली, त्यापाठोपाठ सुएझहून एडनमार्गे कराचीला येणारी तांबड्या समुद्रातली केबलही १८६० पर्यंत निकामी झाली. तेव्हा ब्रिटिश सरकार आणि केबल कंपनी ह्यांनी मिळून चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १८६१ मध्ये आला. आजच्या भाषेत सांगायचं तर पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, आणि माझ्या मते हा आजवरच्या सगळ्यात फायद्याच्या पोस्टमॉर्टेमपैकी एक. तांबं कसं तपासायचं, इन्सुलेशन कसं तपासायचं, ते पाण्यात बुडवून कसं बघायचं, सगळी चर्चा त्यात आहे. त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशनने विजेच्या रोधाचं प्रमाण ठरवण्यासाठी वेगळी समिती बसवली. लॅटिमर क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट हे दोघे केबलवाले इंजिनिअर. त्यांनी सुचवलं की एककांना शास्त्रज्ञांची नावं द्यावीत. मजा म्हणजे त्यांच्या यादीत ओहमचं नाव व्होल्टेजला आणि व्होल्टाचं नाव रोधाला होतं! पुढे अदलाबदल झाली आणि १८८१ च्या पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत व्होल्ट, ओहम, अँपियर पक्के झाले. म्हणजे आपल्या पाचशे रुपयांच्या मल्टिमीटरवर गोल बटणाभोवती जी अक्षरं छापलेली असतात, त्यांच्यामागे समुद्रात बुडालेल्या केबली आहेत.

दुसरी गोष्ट चिकटलेल्या तारांची.

१८६५ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला. ह्या वेळी 'ग्रेट ईस्टर्न' नावाचं राक्षसी जहाज, सगळी केबल एकाच पोटात. आणि १८५८ पासून घेतलेला धडा असा, की केबल पाण्यात सोडत असताना चाचणी थांबवायचीच नाही. जहाजावरचा माणूस आणि किनाऱ्यावरचा माणूस दोघेही गॅल्व्हानोमीटरकडे डोळे लावून. निघाल्यावर ऐंशी-नव्वद मैलांतच ठिपका भलतीकडे गेला. इन्सुलेशनमध्ये दोष! एवढं अवाढव्य जहाज थांबवलं आणि सोडलेली केबल तळातून मागे खेचायला घेतली. काही मैल ओढल्यावर दोष सापडला. जेमतेम दोन इंचांचा लोखंडी तारेचा तुकडा, गटापर्चात आरपार घुसून आतल्या तांब्याला टेकलेला. पुढे असंच पुन्हा झालं, तेव्हा जहाजावर घातपाताचा संशय घेतला गेला, आणि केबल ठेवलेल्या टाकीत पहारे लागले. शेवटी लक्षात आलं की गुन्हेगार केबलच आहे. तिच्याच चिलखतातल्या ठिसूळ तारा तुटत होत्या आणि वरच्या वेटोळ्यांच्या वजनाने आत घुसत होत्या. (२ ऑगस्टला ती केबल तुटून समुद्रात गेली ते वेगळं. १८६६ मध्ये नवी केबल यशस्वी झाली आणि ही जुनीसुद्धा तळातून उचलून पुरी केली.)

आपल्या टेबलावर ह्याचंच छोटं रूप रोज दिसतं. मल्टिस्ट्रँड वायर सोलली, पीळ नीट दिला नाही, आणि केसाएवढी एक तार बाजूला निघून शेजारच्या पट्टीला टेकली. वरून बघून काही दिसत नाही. इथे ग्रेट ईस्टर्नवाल्यांची पद्धत वापरा. सगळं जोडून मग स्विच दाबायचा नाही, एकेक जोड झाला की मीटर लावत जायचं. दोष आला तर तो शेवटच्या जोडात आहे हे आपोआप कळतं. मागे खेचायची केबल कमी.

आपल्याकडे हे जहाज येऊन गेलंय बरं का! १८७० च्या सुरुवातीला ग्रेट ईस्टर्न मुंबईच्या बंदरात उभं होतं. उन्हाचा त्रास कमी व्हावा म्हणून त्याला पांढरा रंग दिलेला होता. मुंबई ते एडन ही समुद्री केबल त्यानेच टाकली, आणि त्याच वर्षी मुंबई-लंडन असा समुद्रातून तारेचा मार्ग सुरू झाला.

आता तुटलेली तार कशी शोधायची? दिवाळीची माळ घ्या. जुनी, छोट्या बल्बांची, सगळे एकापाठोपाठ एक जोडलेले. एक गेला की सगळी माळ अंधारात. बहुतेक घरांत दर दिवाळीला एक बाबा-काका बल्ब एकेक करून बदलत बसलेले असतात, आणि मागून 'मिळाला का हो?' अशी चौकशी चालू असते. चौसष्ट बल्ब असतील आणि नशीब खराब असेल तर चौसष्ट वेळा. त्याऐवजी प्लग काढून (हे महत्त्वाचं, प्लग काढून!) एक प्रोब टोकाला आणि दुसरा बरोबर मध्यावर टेकवा. बीप आली तर हा अर्धा भाग चांगला, दोष पलीकडे. मग उरलेल्याचा अर्धा. सहा मोजण्यांत बल्ब हातात. हो हो, बायनरी सर्च. टेलिग्राफवाले हे कॉम्प्युटरच्या शंभर वर्षं आधी करत होते. लाइन मधल्या स्टेशनवर तोडून दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासायच्या, दोष कुठल्या अर्ध्यात ते ठरवायचं, आणि मगच माणूस घोड्यावर बसवायचा. समुद्राच्या तळाशी मधलं स्टेशन नसतं, म्हणून तिथे ब्रिज वापरून रोध मोजायचे आणि 'मैलाला इतका' ह्या हिशेबाने दोषाचं अंतर काढायचे. मैलाला किती हे माहीत असायला आधी ओहम पक्का हवा. तो १८५८ मध्ये नव्हता, हे आलंच.

खुद्द ओहमबद्दल दोन शब्द, कारण त्याला छळलं बॅटरीने. गेऑर्ग ओहम कोलोनमध्ये शाळामास्तर होता, कुलूप बनवणाऱ्याचा मुलगा. १८२५ मध्ये त्याने तारेच्या लांबीचा आणि करंटचा संबंध प्रसिद्ध केला, आणि तो चक्क लॉगरिदमचा होता, म्हणजे चुकीचा. कारण त्या वेळच्या बॅटरीचा जोर प्रयोग चालू असतानाच उतरायचा. पोगेनडॉर्फने सुचवलं, बॅटरी सोड, थर्मोकपल घे. ओहमने तांबं आणि बिस्मथचा जोड करून एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवलं. व्होल्टेज अगदी थोडं, पण ढिम्म न हलणारं. आणि मग सरळ, साधा नियम बाहेर आला. १८२७ मध्ये पुस्तक निघालं, जर्मनीत त्याचं स्वागत थंडच झालं, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कॉप्ली पदक दिलं तेव्हा कुठे लोकांनी मान वर करून बघितलं.

बसलेली नऊ व्होल्टची बॅटरी आजही तोच खेळ खेळते. नुसती मोजली तर मीटर आठ-साडेआठ दाखवतो, माणूस खूश. एलईडी जोडला की धाडकन खाली. म्हणून बॅटरी नेहमी सर्किट जोडलेलं असताना मोजायची. आणि बॅटरी ठीक निघाली तर काळा प्रोब मायनसला धरून ठेवायचा आणि लाल प्रोब प्लसपासून एकेक पाऊल पुढे न्यायचा. व्होल्टेज जिथे एकदम गायब होतं तिथे तार तुटली आहे. मग रेझिस्टरच्या दोन टोकांत आणि एलईडीच्या दोन पायांत वेगवेगळं मोजायचं. एलईडीवर पूर्ण नऊ आणि रेझिस्टरवर शून्य? एलईडी उलटा आहे किंवा मेला आहे. रेझिस्टरवर पूर्ण नऊ आणि एलईडीवर शून्य? एलईडीचे दोन पाय कुठेतरी शॉर्ट आहेत, ती केसाएवढी तार शोधा. सात आणि दोन? मग तो लागलेला असायला हवा. डोळ्यांवरचा गॉगल काढा :)

हे तिन्ही एकाच डब्यात मोजता येतं ह्याचं श्रेय ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मॅकॅडी नावाच्या इंजिनिअरला. वेगवेगळी मीटरं खांद्यावर वाहून तो कंटाळला आणि त्याने अँपियर, व्होल्ट, ओहम एकत्र केले. 'एव्होमीटर' १९२३ मध्ये बाजारात आला. कंटाळा ही फार उपयोगी गोष्ट आहे.

राहिला उलटा लागलेला एलईडी. लांब पाय प्लसला, हे सगळ्यांना पाठ असतं. पण वीज एकाच दिशेने जाऊ देणारा पदार्थ असतो हेच मुळी १८७४ पर्यंत कोणी नीट दाखवलं नव्हतं. ते फर्डिनांड ब्राउनने काही धातूंच्या सल्फाइडवर दाखवलं. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी तशाच एका स्फटिकाचा, गॅलेनाचा, डिटेक्टर बनवला. त्याच्या अमेरिकन पेटंटचा अर्ज १९०१ चा, पेटंट मिळालं १९०४ मध्ये. पुढे मार्कोनीचा सहायक हेन्री राउंड असेच रेडिओचे स्फटिक तपासत असताना कार्बोरंडमचा एक तुकडा दहा व्होल्टवर पिवळा उजेड टाकू लागला. १९०७ मध्ये त्याने मासिकाला छोटंसं टिपण पाठवलं, कोणाला आणखी काही माहीत असल्यास कळवावे अशा थाटात, आणि पुढे आपल्या कामाला लागला.

ज्याने तो उजेड सोडला नाही त्याचं नाव ओलेग लोसेव्ह. १९०३ चा जन्म, रशियातल्या त्वेरचा. निझनी नोव्हगोरोदच्या रेडिओ प्रयोगशाळेत निरोप्या म्हणून लागला, डिग्री नाही. त्याच्याही स्फटिकातून हिरवट उजेड येत होता. ह्या पठ्ठ्याने विचारलं, हा तापल्यामुळे येतोय का? आणि उत्तर कसं शोधलं बघा: स्फटिकावर बेन्झिनचा थेंब टाकला. उजेड असताना तो लवकर उडाला तर उष्णता. तो नेहमीच्याच वेगाने उडाला. म्हणजे हा थंड उजेड, बल्बसारखा नाही. एका थेंबात निम्म्या शक्यता बाद. १९२७ मध्ये त्याने ह्या उजेडाने तारायंत्र चालवण्याच्या कल्पनेचं पेटंट मागितलं, म्हणजे आज फायबर ऑप्टिकमध्ये जे चालतं त्याच दिशेचं काहीतरी. १९३८ मध्ये थिसिस न मागता त्याला डॉक्टरेट दिली गेली. आणि १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात तो उपासमारीने गेला. वय अडतीस. मला हा माणूस राउंडपेक्षाच काय, नंतरच्या नोबेलवाल्यांपेक्षाही जास्त आवडतो.

रंगांचा घोळ मात्र अलीकडचा. गेल्या वर्षी भाच्याने शाळेच्या प्रदर्शनासाठी तीन लाल आणि एक निळा एलईडी एकाच रेझिस्टरवर समांतर जोडले होते. "मामा, निळा फ्यूज झालाय, दुसरा आणून दे ना." एकटा लावून बघितला तर निळा ठणठणीत. "मग तिकडे का नाही लागत?" प्रश्न एकदम बरोबर. निळ्या प्रकाशाच्या कणात लाल प्रकाशाच्या कणापेक्षा ऊर्जा जास्त, म्हणून निळ्या एलईडीला तीन व्होल्ट लागतात. लाल दोन व्होल्टला लागतो आणि सगळ्यांचं व्होल्टेज तिथेच रोखून धरतो. निळ्यापर्यंत तीन पोचतच नाहीत. प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर दिला, लागला. (स्वस्तातल्या बऱ्याच मीटरांचा डायोड मोडसुद्धा निळ्याला पुरेसं व्होल्टेज देत नाही, तेव्हा त्यावरून निळ्याला मेलेला ठरवू नका.)

"मग निळा आधी बनवला का लाल?" हा पुढचा प्रश्न. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोनियाकने १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत केला. त्याच्याच विद्यार्थ्याने, जॉर्ज क्रॅफर्डने, १९७२ मध्ये पिवळा आणला. आणि निळ्यासाठी मग वीस वर्षं थांबावं लागलं, कारण गॅलियम नायट्राइडचे चांगले स्फटिकच वाढत नव्हते. आकासाकी आणि आमानो ह्यांनी नागोयात त्याचा मार्ग काढला, आणि निचिया नावाच्या कंपनीत शुजी नाकामुराने १९९३ मध्ये झगझगीत निळा एलईडी बाहेर काढला. कंपनीने बक्षीस दिलं वीस हजार येन! आपल्याकडचा दिवाळी बोनस बरा. तो कोर्टात गेला. २००४ मध्ये कोर्टाने वीस अब्ज येन द्या म्हटलं, २००५ मध्ये चौऱ्याऐंशी कोटी येनच्या आसपास तडजोड झाली, आणि २०१४ मध्ये तिघांना मिळून नोबेल. भाच्याला ह्यातलं फक्त वीस हजार येन म्हणजे किती रुपये एवढंच हवं होतं.

एक शेवटचं, ब्रेडबोर्डबद्दल. जुने रेडिओ हौशी लोक स्वयंपाकघरातल्या पाव कापायच्या पाटावर खिळे ठोकून सर्किट जोडायचे, त्यावरून हे नाव. आपला भोकांचा पांढरा प्लास्टिकचा बोर्ड रोनाल्ड पोर्तुगाल ह्यांच्या १९७१ च्या डिझाइनवरून आला. ह्या लांब बोर्डांपैकी बऱ्याच बोर्डांवर कडेची प्लस-मायनसची पट्टी आतून मध्येच तुटलेली असते. तुटलेली म्हणजे मुद्दाम, दोन वेगळी व्होल्टेज वापरता यावीत म्हणून. बॅटरी डाव्या टोकाला, सर्किट उजव्या अर्ध्यात, सगळं तपासलं, सगळं बरोबर, आणि दिवा लागत नाही. लाल-निळी रेघ मध्यावर सलग आहे की फट आहे ते बघा. फट असेल तर दोन्ही रेघांवर बोटभर वायरचा एकेक पूल टाका.